पोत्यातली बुलेट: घरातली घ्यावी, बाजारातली नको



ईएमईमध्ये गाडी दुरुस्तीचा ट्रेड घेतलेल्या माणसाला प्रत्येक पोस्टिंगमध्ये एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. विचारणारा जवान नवा असो किंवा पेन्शनला सहा महिने राहिलेला असो, सुरुवात तीच. "साहेब, एक जुनी बुलेट मिळतेय. इंजिन उघडलेलं आहे, पण सगळं सामान पोत्यात आहे. स्वस्तात देतोय. घेऊ का?"

जाणकार मंडळींचं यावर ठरलेलं उत्तर आहे: उघडलेली गाडी कधीच घेऊ नये. चालू गाडी घ्या, नाहीतर नवी घ्या. मला हे उत्तर अर्धंच पटतं. माझ्या मते, पोत्यातली गाडी घ्यावी की नाही हे पोत्यात काय आहे यावरून ठरवायचं नसतं. ती कोणी उघडली आणि का उघडली, हे आधी पाहायचं असतं. एका घरात, एका माणसाने, काही कारणाने उघडलेली आणि तशीच राहून गेलेली गाडी जरूर हातात घ्यावी. बाजारात गोळा केलेलं पोतं फुकट मिळालं तरी घरी आणू नये. असं का म्हणतो, ते सांगतो.

आधी बुलेटची गोष्ट समजून घेऊ, कारण फौजी माणसाचा जीव बहुतेक वेळा तिच्यावरच जडतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ही मोटारसायकल निवडली. १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि गाड्या तिथेच बनू लागल्या. ३५० ची म्हणून ओळखली जाणारी ही गाडी प्रत्यक्षात ३४६ सीसीची. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. बिडाचा सिलिंडर, पॉइंटवर चालणारं इग्निशन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. पहिला वर, बाकीचे तीन खाली. सिग्नल्सच्या डिस्पॅच रायडरने हीच चालवली आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ज्यावर माणसांचे मनोरे रचले जातात तीही हीच.

या इंजिनाचा मूळ आराखडा जवळजवळ पन्नास वर्षं फारसा बदलला नाही. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट झालं, कार्बोरेटर बदलला, शेवटच्या काही वर्षांत गिअर डाव्या पायात आला. पण साठच्या दशकातल्या इंजिनावर नव्वदच्या दशकातलं हेड थोड्याफार खटपटीने बसतं. म्हणूनच आजही करोल बागच्या गल्ल्यांत, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये किंवा पुण्याच्या नाना पेठेत तुम्हाला बुलेटचा जवळपास कुठलाही भाग मिळतो. बुलेटवाल्याची ही मोठी सोय आहे.

बाजारातल्या पोत्याचं मूळही याच सोयीत आहे. कुठलाही भाग कुठल्याही गाडीला लागतो म्हटल्यावर पाच गाड्यांच्या उरलेल्या सामानातून सहावी 'पूर्ण' गाडी तयार करणं अवघड राहत नाही. विकणारा शपथेवर सांगतो, "सर जी, पूरी गाडी है, एक नट कम नहीं." नट कमी नसतोही. पण क्रँककेसचा डावा भाग एका गाडीचा आणि उजवा दुसऱ्या गाडीचा असतो. हे दोन भाग कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात. परक्या जोडीत बेअरिंगची घरं एका रेषेत येतीलच असं नाही. इंजिन जोडून होतं, सुरूही होतं. मग काही शे किलोमीटरवर बेअरिंग ओरडायला लागतं आणि पुन्हा पोतं भरावं लागतं. रॉकरच्या बेअरिंगचंही तेच. त्याचे वरचे-खालचे अर्धे भाग जोडीचे असतात. दिसायला सारखे, पण अदलाबदल झाली की रॉकर एकतर आवळतो नाहीतर खडखडतो. असले दोष डोळ्यांना दिसत नाहीत. मापं घेतली तर सापडतात, आणि बाजारात उभं राहून मापं घ्यायला कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. पूर्ण गाडी चोरीची असेल तर कधीतरी पकडली जाते. उघडलेली गाडी पकडणं कठीण असतं. मेरठला पोस्टिंग झालेल्यांना सोतीगंज माहीत असेल. चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जात आणि सुटे भाग म्हणून देशभर जात. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तिथली दुकानं बंद पाडली. तो एक बाजार बंद झाला म्हणून धंदा संपला असं समजू नका. चेसिसवरचा नंबर घासलेला असेल, पुन्हा ठोकल्यासारखा वाटत असेल, आकडे एका ओळीत नसतील, तर भावाची बोलणीही करू नका. वर्दीतल्या माणसाच्या क्वार्टरमध्ये चोरीचा सांगाडा सापडला तर काय होईल याचा विचार करा. गाडी जाईल, पैसे जातील आणि पंधरा-वीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर डाग लागेल. स्वस्त पोत्याची खरी किंमत ही आहे.

आता घरातल्या पोत्याकडे वळतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या एका सुभेदार साहेबांचं घर आहे. साहेब आजारपणात गेले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी सुट्टीत बुलेटचं फुल इंजिन करायला घेतलं होतं. सुट्टी संपली, फील्ड पोस्टिंग आली, नंतर आजार आला. गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात आणि इंजिन काळ्या ट्रंकेत राहिलं. मागच्या सुट्टीत मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, भंगारवाला वजनावर मागतोय. पोराला वाटतं ठेवावी, पण चालू होणार आहे का ती? तुम्हीच काय ते सांगा."

ट्रंक उघडली. वर डिझेलात भिजवलेलं फडकं, आता वाळून कडक झालेलं. खाली प्रत्येक भाग वेगळ्या कापडात गुंडाळलेला. व्हॉल्व्हना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या, साहेबांच्या अक्षरात 'इन' आणि 'एक्झॉस्ट'. स्टड काढल्यावर त्याचा नट आणि वायसर त्याच स्टडवर परत चढवलेला. कव्हरचे स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी खोचलेले, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. टायमिंगचे गिअर एका डब्यात, शिम दुसऱ्या डब्यात. काही भागांवर गंज होता, पिस्टनच्या रिंगा तर खोबणीत बसून गेल्या होत्या. तरीही मी वहिनींना सांगितलं, "वहिनी, देऊ नका. ही गाडी होईल."

मी भावनेच्या भरात तसं म्हणालो नाही. ज्याने गाडी उघडली त्याने ती परत जोडायच्या इराद्याने उघडली होती, हे त्या ट्रंकेत स्पष्ट दिसत होतं. जोडायच्या हिशेबाने उघडणारा आणि विकायच्या हिशेबाने फोडणारा यांच्या हातातला फरक सामानावर दिसतो. फोडणारा छिन्नीने नट काढतो, पानं न शोधता पाइप रिंच लावतो. त्याच्या नटांचे कोपरे गोल झालेले असतात आणि सिलिंडरच्या फिन तुटलेल्या असतात. बुलेटच्या ऑइल पंपाला फिरवणारा क्रँकवरचा वर्म उलट्या आट्यांचा असतो. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीच्या दिशेला जोर लावून क्रँकच्या टोकाचे आटे खराब करतो. पोतं तपासताना मी सगळ्यात आधी ते टोक बघतो. उघडणाऱ्या हाताला कामाची जाण होती की नाही, ते तिथे दोन मिनिटांत कळतं.

घरातल्या गाडीची कागदंही घरातच असतात. आरसी बुक कपाटात असतं. मालक हयात असेल तर नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. जुन्या हाताने लिहिलेल्या आरसीची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन सापडत नाही. ती आधी आरटीओत चढवून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. हेलपाटे पडतात, उशिराचा दंडही लागू शकतो. पण हे रस्ते सरळ आहेत. बाजारातल्या पोत्याला असा रस्ताच नसतो. लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली गाडी असेल तर लिलावाची मूळ कागदं मागा. ती नसतील तर गाडी कितीही अस्सल फौजी असली तरी रस्त्यावर येणार नाही.

इथे माजी सैनिक बंधूंना एक सांगायचं आहे. जुनी बुलेट जोडून झाली की ती ऑलिव्ह ग्रीन रंगवायची हौस आपल्यालाच जास्त. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखलेला आहे. आपण तीस वर्षं तो रंग अंगावर बाळगला असला तरी सिव्हिल गाडीला तो चालत नाही. काळा मारा, टाकीवर सोनेरी रेघा ओढून घ्या. मद्रासच्या कारागिरांनी त्या रेघा वर्षानुवर्षं हातानेच मारल्या आहेत.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे पाच गाड्यांच्या पोत्यातून जमवलेली 'व्हिंटेज' इथेही अडते आणि एका घरातली, आपल्याच इंजिनाची गाडी पुढे जाते.

आता हे काम आपल्या लोकांना जमतं का? माझ्या मते एका बाबतीत आपल्याइतकं कोणालाच जमत नाही, आणि दुसऱ्या बाबतीत आपल्याइतकं कोणी चुकत नाही.

जमतं ते हिशेबाचं काम. किट लेआउट आपण सगळ्यांनी केलंय. ग्राउंडशीटवर प्रत्येक वस्तू ठरल्या जागी मांडायची आणि यादीशी ताडून पाहायची. पोतं घरी आल्यावर पहिलं काम तेच करा. पाना हातात घेऊ नका. ताडपत्री अंथरा, पार्ट्सच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे भाग मांडा आणि वहीत तीन रकाने पाडा: आहे, आहे पण खराब, नाही. सिलिंडर, पिस्टन, क्रँकपिन आणि व्हॉल्व्ह गाइडची मापं टर्नरकडून घेऊन त्याच वहीत लिहा. ही वही भरल्याशिवाय एक रुपयाचंही सामान आणू नका. वही भरल्यावर कधीकधी कळतं की हे काम आपल्या खिशाच्या बाहेरचं आहे. तेव्हा गाडी तिच्या घरी नीट यादीसकट परत ठेवून यावी. त्यात कमीपणा नाही.

जुन्या गाडीचे आटे आणि पाने वेगळे असतात, हेही आधीच ध्यानात घ्या. आपले मिस्त्री ज्याला सुती पाना म्हणतात तो इंची माप घेणारा पाना जवळ हवा. त्यातही व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नसतो. मिलिमीटरचा पाना 'जवळजवळ बसतो' म्हणून वापरला की कोपरे गेलेच. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम २० किंवा मॅचलेस जी ३ एल अजूनही काही घरांत पडून आहेत. त्यांना हा नियम दुप्पट लागू, कारण बुलेटसारखं त्यांचं सामान गल्लीत मिळत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून बनवलेल्या जावा आणि नंतरच्या येझदी यांचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यांचं सामान मिळतं, पण पारखून घ्यावं लागतं.

आपण चुकतो ते चकाकीच्या बाबतीत. फौजेतली जुनी थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे: हलत असेल तर सलाम ठोका, हलत नसेल तर चुना मारा. इन्स्पेक्शनची ही सवय गॅरेजमध्येही येते. पोतं आणल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात टाकी रंगाला जाते, रिम क्रोमला जातात, पैसे तिथेच संपतात आणि इंजिन पोत्यातच राहतं. मी अशा कितीतरी गाड्या पाहिल्यात, टाकी आरशासारखी आणि क्रँक गंजलेला. क्रम उलटा हवा. आधी क्रँक, सिलिंडर, ऑइल पंप. मग गिअरबॉक्स आणि ब्रेक. मग वायरिंग. इंजिन न रंगवलेल्या चेसिसवर बसवून सुरू करा. टॅपेट थंड इंजिनावर असा लावा की पुशरॉड बोटाने फिरावा पण वर-खाली हलू नये. ऑइल परत टाकीत येतंय का ते पाहा. काही आठवडे तशीच, ओबडधोबड चालवा. गळती, आवाज, सैल झालेले नट, जे काय निघायचं ते निघू द्या. रंग सगळ्यात शेवटी. आणि तो 'पंजाब' सायलेन्सर तर लावूच नका. बुलेटचा आवाज मुळात चांगला आहे, तो गावभर वाजवायची गरज नाही.

पोस्टिंगचा हिशेबही आधी करा. पीस स्टेशनला दोन-तीन वर्षं मिळतात, त्यातली पहिली सहा महिने बस्तान बसवण्यात आणि शेवटची सहा सामान बांधण्यात जातात. उरलेल्या दिवसांत काम उरकणार नसेल तर पोतं क्वार्टरच्या व्हरांड्यात आणू नका. मुलांच्या सायकली आणि घरच्यांची सहनशक्ती या दोन्हींवर ते पडतं. प्रत्येक बदलीत गाडीचे दोन-चार भाग हरवतात. अंबाल्याहून निघालेली अख्खी गाडी तीन बदल्यांनंतर गावी पोहोचते तेव्हा ती बाजारातलं पोतं झालेली असते. त्यापेक्षा ती तिच्या घरीच राहू द्या आणि सुट्टीत जाऊन काम करा.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा चालू गाडी स्वस्त पडते," असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पडतेच. घरातलं पोतं जोडायलासुद्धा बहुतेक वेळा चालू जुन्या बुलेटपेक्षा जास्त खर्च येतो. हे पैसे वाचवण्याचं काम नाही आणि पेन्शनची रक्कम गुंतवण्याचं तर अजिबात नाही.

मग का करायचं? आमच्या ईएमईचं ब्रीद आहे 'कर्म ही धर्म'. आजच्या गाड्यांत कर्म कमी होत चाललंय. बिघाड झाला की संगणक लावायचा, अख्खं युनिट काढायचं, नवं बसवायचं. ते योग्यच आहे, लढाईत वेळ महत्त्वाचा. पण त्यामुळे बेअरिंग हाताने चाचपून सांगणारा, पॉइंटचं अंतर नजरेने ओळखणारा उस्ताद पेन्शनला जातो तेव्हा त्याच्या जागी तसा दुसरा तयार झालेला नसतो. ही विद्या पुस्तकात थोडी आहे, जास्त हातात आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायला उघडलेलं इंजिन लागतं. सातारच्या त्या घरातला मुलगा आता सुट्टीच्या दिवशी गावातल्या एका जुन्या मिस्त्रीला घेऊन ट्रंकेपुढे बसतो. वडिलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून तो भाग ओळखायला शिकतोय. ती गाडी कधी सुरू होईल ते मी सांगू शकत नाही. पण भंगारवाल्याच्या काट्यावर गेली असती तर वडिलांच्या हाताचं हे शिक्षण त्याला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

म्हणून सेवानिवृत्त बंधूंना माझी विनंती आहे. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, पलंगाखाली तुम्हीच कधीतरी उघडलेली एखादी गाडी पडून असेल. जोडायचं जमेल तेव्हा जमेल. पण कुठला भाग कुठला, काय बदलायचं ठरवलं होतं, काय लेथवाल्याकडे राहिलंय, हे आजच वहीत लिहा आणि ती वही आरसी बुकासोबत ठेवा. घरात कोणाला तरी सांगून ठेवा. ही माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे. ती गेली की तुमच्या घरातलं पोतंही बाजारातलंच होतं, आणि मग माझ्यासारख्यालाही तुमच्या पोराला सांगावं लागेल, "बाळा, देऊन टाक."

जय हिंद.